नाथाजीचं ‘भरलंय’

नाथाजी कोळेकर गावच्या हायस्कुलात शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याच्या अंगाला मेंढरांचा वास होता, आणि तो घालवायची त्याला काडीची घाई नव्हती. करंजवाडी म्हणजे आटपाडीच्या वरल्या अंगाचं, सातारा जिल्ह्याच्या हद्दीला पाठ लावून बसलेलं गाव. निम्मी वस्ती धनगरांची. दिवाळी सरली की मेंढरं हाकत मावळतीला निघायचं, कोरेगाव, वाई करत कृष्णाकाठच्या रानांत कळप बसवायचा आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं, ही बापाची रीत. नाथाजीनंही पंचविशी उलटेपर्यंत तेच केलं. मग गावात शाळा निघाली, संस्थेला घंटा बडवायला धडधाकट गडी पाहिजे होता, आणि नाथाजी सातवी पास होता. झालं.

बापानं त्याला एकच विद्या दिली होती. मेंढरं मोजायची नाहीत. मोजली की दृष्ट लागते आणि कळप झडतो, असं म्हातारा म्हणायचा. दिवस मावळताना मेंढरं जाळीच्या आत शिरली की उंचवट्यावर उभं राहायचं आणि सगळ्यांवरनं एकदा नजर फिरवायची. दोनशे तोंडं. एखादं कमी असलं की नजर तिथं ठेचकाळते. नाही ठेचकाळली तर म्हणायचं, “भरलंय.” आणि भाकरीला बसायचं.

ही विद्या त्यानं शाळेत आणली. सकाळी प्रार्थनेला पोरं ओळीत उभी राहिली की हा पायरीवरनं बघायचा आणि सांगायचा, “गुर्जी, आटवी ‘ब’मदला हंबीररावाचा शंभू न्हाई. आन नववीतली एक पोरगी कमी हाय, त्या कडंची, लांब येनीची.” गुरुजी हजेरी घेऊन बघायचे, तर तंतोतंत.

“नाथाजी, तू आमच्या पोटावर पाय आणणार,” भाऊसो गुरुजी म्हणायचे. “हजेरीपटाची वही जाळून टाकावी म्हणतो.”

“जाळा की. चुलीला हुईल.”

पोरं त्याला नाथाबापू म्हणायची. वीस वर्षं त्याची नजर एकदाही चुकली नाही. चुकली ती एकदाच, आणि ती मुंबईत.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर आला की गाव हंडे घेऊन धावायचं, जनावरं छावणीला बांधलेली. अशात जानेवारीत दहावीची सहल मुंबईला निघाली. चव्वेचाळीस पोरं-पोरी, एसटीची एक गाडी, बरोबर नीलिमा कांबळे मॅडम, भाऊसो गुरुजी आणि नाथाजी. नीलिमा मॅडम मिरजेकडच्या. वय तिशीचं, बोलणं स्वच्छ, काम कागदावर. प्रत्येकाला त्यांनी नंबर दिला होता. गाडी सुटायच्या आधी ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा आणि मॅडमनी कागदावर बरोबरची खूण करायची.

“मॅडम, लेकरं हायत का पोती?” नाथाजी हसून म्हणाला होता.

“पोती असती तर मी एवढी घाबरले नसते, बापू,” मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गाडी चौपाटीला लागली. पोरं वाळूत उतरली आणि गप झाली. पाणी संपतच नव्हतं. मग एकानं चूळ भरून थुंकली.

“खारट हाय गड्या! मुतलंय जनू कुनी.”

“आरं, टाक की पाइप गावापतोर. मीठ वाचंल आईचं.”

हशा पिकला. त्या हशात सोनम नव्हती. सोनम म्हणजे पारूबाईची पोरगी, नाथाजीच्या भावकीतली. नंबर सत्तावीस. बोलायला कमी, पण कबड्डीत कुणाच्या हाताला लागायची नाही. तिच्या आईनं निघताना तिच्याकडं रिकामी बाटली दिली होती. समुद्राचं पाणी आण, बिरोबाला आंघोळ घालू, मग तरी देव पाऊस पाडेल. वर बजावलं होतं, कडेचं गढूळ आणू नगंस, जरा आतलं निवळ आण. ही गोष्ट नंतर पोरींकडनं सगळ्या गावाला कळली. पारूबाईसमोर ती कुणी काढत नाही.

दिवस बुडायला आला. रस्त्यावरचा पोलीस शिट्ट्या मारत गाडी काढा म्हणून अंगावर आला. पोरं पळत येऊन गाडीत कोंबली गेली. मॅडम दारात कागद घेऊन उभ्या. नंबर सुरू झाले. पण मागं हॉर्न, पुढं पोलीस, आत पोरांचा कालवा. विसापर्यंत आले आणि ऐकूच येईना. मॅडम म्हणाल्या, “थांबा, पहिल्यापासनं घेते.”

नाथाजीनं पायरीवर उभं राहून गाडीवरनं नजर फिरवली. नजर कुठं अडली नाही. सोनम डायव्हरच्या मागं तिसऱ्या खिडकीत होती. केस ओले, काचेला डोकं टेकलेलं, बाहेर बघत. तो मनात म्हणाला सुद्धा, ही सटवी भिजून आली, आता शिंकत बसणार.

“मॅडम, भरलंय. चला.”

मॅडमनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. वीस वर्षांची त्याची ख्याती त्यांनाही माहीत होती. त्यांनी उरलेल्या नंबरांपुढं खुणा केल्या आणि गाडी हलली.

उतरले होते त्या धर्मशाळेत ताटं मांडली, तर एक ताट उरलं.

पुढचं सांगायला फार नाही. सकाळी खडकांच्या अंगाला सापडली. डॉक्टर म्हणाला, दिवस मावळायच्या तासभर आधीच गेलेली. म्हणजे नाथाजी पायरीवर उभा होता तेव्हा ती गाडीत नव्हती, पाण्यात होती. सगळ्या पोरांना विचारलं, ती गाडीत चढलेली कुणी बघितली? कुणी नाही. तिसऱ्या खिडकीत कोण होतं? तिथं दप्तरं ठेवली होती.

चौकशी बसली. कागदावर सत्तावीसपुढं मॅडमच्या हातची खूण. मॅडम म्हणाल्या, “शिपायांनी भरलंय म्हणून सांगितलं.” साहेबांनी नाथाजीकडं मान वळवली. नाथाजी तिथं जे बोलला ते त्याला आजही झोपेत पाठ आहे.

“साहेब, मी काय शिकल्याला मानूस न्हाई. मोजायचं काम मॅडमचं.”

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. मॅडम दीड वर्ष घरी बसल्या. मग संस्थेनं त्यांना कोरेगावच्या शाळेत टाकलं. इकडं पारूबाई रोज सकाळी दारात पाणी शिंपताना त्यांच्या नावानं बोटं मोडायची, आणि नाथाजी त्याच बोळातनं शाळेला जायचा.

सहलीनंतर शाळा भरली त्या पहिल्या सोमवारी त्याला सोनम दिसली. प्रार्थनेला दहावीच्या ओळीत, दोन पोरींच्या मधे. केस ओले. गावात प्यायला पाणी नव्हतं आणि हिचे केस निथळत होते. नाथाजीनं घंटेचा टोल चुकवला. पुढच्या वर्षी तिच्या वर्गातल्या पोरी निघून गेल्या, नवी दहावी आली, ती तिथंच. भुतानं घाबरवायचं असतं, मानगुटीला बसायचं असतं. ही काहीच करायची नाही. कंटाळल्यासारखी उभी राहायची आणि जनगणमन संपलं की नसायची.

त्याची नजर मात्र गेली. बघावं तिथं एक जादा. परीक्षेला बाकं मोजायला सांगितली तर तो बोट लावून मोजायचा, तीनतीनदा.

“बापूचं मीटर बिगाडलंय,” पोरं म्हणायची.

घरी जेवायला बसलं तरी तो ताटांवर बोट फिरवायचा. बायको रंगुबाई एकदा चिडली. “आवं, दोगंच हाव आपन. काय मोजतायसा?”

“काय न्हाई. वाढ.”

रंगुबाईलाही त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं देवऋषी गाठला असता, आणि देवऋष्यानं पहिलं हेच विचारलं असतं की ही बया तुलाच का दिसते.

बारा वर्षं अशी गेली. टेंभू योजनेचं पाणी कालव्यानं आलं, माळावर डाळिंबं लागली, गाव बदललं. नाथाजीच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. आणि जूनमध्ये मुख्याध्यापिका म्हणून नीलिमा मॅडम पुन्हा करंजवाडीला आल्या. केस पांढरे झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी नाथाजीला नुसतं “बरंय ना?” विचारलं. नोव्हेंबरात त्यांनी सांगितलं, दहावीची सहल मुंबईला न्यायची. बारा वर्षांत पहिल्यांदा.

नंतर एका सकाळी त्यांनी नाथाजीला आत बोलावलं. टेबलावर पालकांची संमतीपत्रं होती. त्यातलं एक त्यांनी पुढं सरकवलं.

“राणीच्या आजीचं आहे. वाचा.”

राणी म्हणजे पारूबाईची नात. सोनम गेली तेव्हा तीन वर्षांची होती. बाप रविराज सैन्यात, तिकडं बर्फात. म्हणून पोरीचं सगळं आजीकडं. संमतीपत्रावर राणीच्या अक्षरात लिहिलं होतं, आणि खाली आजीचा अंगठा : नाथाजी भावजी बरोबर असतील तरच पोरगी पाठवीन, नाहीतर नाही.

“माझ्यावर तिचा भरवसा नाही, हे मला कळतं,” मॅडम म्हणाल्या. “पण तुमच्यावर आहे. याल?”

नाथाजीनं कागद उलटा करून ठेवला.

“बापू, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही भरलंय म्हणालात. सत्तावीस नंबर तुम्ही बघितला होता?”

“बगतो,” नाथाजी म्हणाला. काय बघतो ते त्यालाही कळलं नाही. तो बाहेर आला आणि घंटेखाली बसून राहिला. जावं तर पारूबाईच्या घरची दुसरी पोरगीही अशा माणसाच्या नजरेवर जाणार, ज्याची नजर मेली आहे. नाही म्हणावं तर ती विचारणार, का? आणि राणी घरी रडत बसणार, जिनं आजवर सांगलीच्या पलीकडं काही बघितलं नाही.

दुपारच्या सुट्टीत तो पारूबाईच्या डाळिंबात गेला. ती कातरीनं फुटवे काढत होती.

“या भावजी. राणीचा कागूद पोचला न्हवं? मी म्हनलं, तुमची नदर हाय तर मला काय भ्याव न्हाई.”

“वैनी, खाली बसा जरा.”

“हात चालतूय तवर बोला.”

“त्या दिशी मॅडम मोजत हुत्या. मी मोजू दिलं न्हाई. मीच म्हनलो, भरलंय.”

कातरी थांबली नाही. “का म्हनलासा?”

“मला ती दिसली.”

आता थांबली. “कुठं?”

“गाडीत. तिसऱ्या खिडकीत. पर ती गाडीत नव्हती, वैनी. तवा ती पान्यात हुती.”

पारूबाई झाडाखाली बसली. मग म्हणाली, “कशी हुती?”

“केस वलं हुतं. बाहीर बगत हुती.”

“रडत हुती?”

“न्हाई.”

“भ्यालेली?”

“न्हाई. कट्टाळल्यावानी.”

“बारा वरसं मी त्या बाईच्या नावानं बोटं मोडली. तू माज्या दारावरनं गेलास रोज.” भावजीचं अहोजाहो गळून पडलं होतं.

“व्हय.”

“ऐकत गेलास.”

“व्हय.”

“तुजं तोंड फोडावं वाटतंय.”

“फोडा.”

“हातात कातरी हाय माज्या. गप ऱ्हा.”

बांधापलीकडं कुणाची तरी मोटर चालू झाली. पारूबाईनं नाक शिंकरलं, पदराला हात पुसला आणि सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“गाडीत बसली म्हनतूस. मग उतरली कुठं?”

नाथाजीला वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरंल. ह्या प्रश्नाचा त्यानं विचारच केला नव्हता. पण उत्तर त्याला ठाऊक होतं.

“शाळंत, वैनी. आजून बी हाय.”

पारूबाईनं कातरी फांदीला अडकवली. “चल. दाव.”

दोघं चालत शाळेत आले. मैदानात दहावीची पोरं सहलीच्या सूचना ऐकायला ओळीत उभी होती. पायरीवर मॅडम कागद घेऊन नंबर घेत होत्या आणि एकेक नंबर खणखणीत येत होता.

“हाय?” पारूबाईनं विचारलं.

नाथाजीनं नजर फिरवली. “हाय.”

“कुठं?”

त्यानं बोट केलं. मुलींच्या ओळीत, राणीच्या मागं, एका माणसाची जागा मोकळी होती. पोरींनी ती का सोडली होती कुणास ठाऊक. पारूबाईनं त्या मोकळ्या जागेकडं निरखून बघितलं. तिला तिथं काय दिसलं, ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. ती तशीच मातकट पायांनी मैदानात शिरली आणि त्या जागी जाऊन उभी राहिली.

“आज्जे, काय करतीयास? जा की!” राणी लाजून कुजबुजली. पोरं खिदळली. कुणीतरी म्हणालं, “म्हातारी बी येतीया मुंबईला.”

मॅडमनी नंबर घ्यायचे थांबवले. बारा वर्षांत ही बाई त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आली होती. त्या हळूहळू पायऱ्या उतरल्या. पारूबाई त्यांच्याकडं बघत नव्हती. ती नाथाजीकडं बघत होती, कळपाच्या तोंडाशी राखणीला उभ्या असलेल्या कुत्र्याकडं बघावं तशी.

“बापू,” मॅडम म्हणाल्या, “काय झालं?”

नाथाजीनं टोपी काढली. पोरं अजून हसत होती. त्या हशातच त्यानं बोलायला सुरुवात केली, शेवटच्या ओळीला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं.

“मॅडम, त्या दिशी तुमी पयल्यापासनं मोजनार हुता. मीच गाडी हाकाय लावली. साहेबाम्होरं मी ते बोललो न्हाई.”