पाणी इथून पुढे लंगडते

जूचंद्रच्या शेवटच्या आळीत नळाला पाणी आले ते एका गुरुवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. नव्वदचे दशक संपत आले होते. हे पाणी माझ्या वहिनीच्या मामांनी निव्वळ कानाने शोधून काढले. तसा कान वसई तालुक्यात दुसरा नव्हता.

मामा वालीवच्या एका कारखान्यात फिटर होते. चालत्या यंत्राला लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवायचे, मूठ कानावर दाबायची आणि आतले कोणते बेअरिंग जाणार ते सांगायचे, ही त्यांची पद्धत. निवृत्तीनंतर यंत्रे सुटली, स्क्रूड्रायव्हर सुटला नाही. वहिनीच्या डोहाळजेवणाला त्यांनी आमच्या नव्या फ्रिजला तो लावला आणि भरल्या घरात जाहीर केले, "हा दिवाळी बघत नाही." फ्रिज दसऱ्यालाच बंद पडला.

मामांच्या आळीत घरोघर नळ होते. रोज सकाळी ते फुसफुसत आणि गप्प होत. ग्रामपंचायतीत विचारायला गेले की उत्तर ठरलेले: दाब कमी आहे, नवी योजना झाली की पाणी येईल. तोवर टँकर. मामींचे गुडघे गेले होते, तरी हंडे त्याच आणत. कारण मामा पाण्याला निघाले की वाटेतले पाइप ऐकत बसत. घरातल्या कोरड्या नळाला मामींनी कांद्यांची पिशवी टांगली होती. डॉक्टरांनी ओझे उचलणे बंद करायला सांगितले, तेव्हा मामांनी काम मनावर घेतले. पाणी सुटण्याच्या वेळी ते रस्त्यावर दर दहा पावलांनी आडवे होऊन जमीन ऐकू लागले. फिट आली समजून एका वाटसरूने त्यांच्या नाकाशी चप्पल धरली. मामा पडल्या पडल्याच म्हणाले, "बाजूला व्हा, तुमच्या चपलेचा आवाज येतोय."

आठवड्याने ते टँकरच्या ओट्यापाशी थांबले. हंडे ठेवायला बायकांनीच सिमेंट कालवून बांधलेला हा ओटा. "इथपर्यंत पाणी धावतंय, इथून पुढे लंगडतंय," मामा म्हणाले. "खाली पाइपाचा वॉल आहे. अर्धा बंद."

पाणी सोडणारा चावीवाला हसला. "माझ्या चावीला माहीत नाही असा वॉल या गावात नाही."

शेजारच्या काकूंनी कमरेवर हात ठेवले. "मामा, ओटा फोडलास आनि पानी नाय आला, त हंडं तुझे डोक्यावर ठेवायचं का?"

"ठेवा. उभा राहतो."

मामींनी ओट्यावरचा आपला हंडा उचलून खाली ठेवला. "फोडा," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे इतकी वर्षं वाजतायत, ते ह्यांना कधी ऐकू आले नाहीत. हे तरी खरं निघू दे."

पहिला घाव मामांनीच घातला. ओट्याखाली जुने डांबर निघाले, डांबराखाली लोखंडी झाकण. रस्ता उंच करताना ते बुजले होते आणि त्याच्यावर उभी राहून आळी टँकरची वाट पाहत होती. चावीवाल्याने हसणे थांबवून चावी लावली. बायका मोठ्याने फेरे मोजू लागल्या. अकराव्या फेऱ्याला पाइप खोकला. शेवटच्या फेऱ्यासाठी चावीवाल्याने चावी मामांच्या हातात दिली.

आळीतला एकही नळ बंद नव्हता. कोरडा नळ कोण बंद करतो? आधी लाल, मग स्वच्छ पाणी घराघरांतून उंबरे ओलांडून बाहेर आले. मामींचे कांदे तरंगत अंगणात पोचले. "मामा, बंद कर रं, घर बुडला!" काकू ओरडत होत्या आणि हसत होत्या. हंड्यांऐवजी बायकांनी मामांनाच उचलून घेतले. टँकर आला तो भरलेलाच परत गेला.

संध्याकाळी मामांनी स्क्रूड्रायव्हर मामींच्या गुडघ्याला लावला.

"काय म्हणतोय?" मामींनी विचारले.

"उशीर झाला म्हणतोय," मामा म्हणाले.

ओटा पुन्हा बांधला गेला नाही. मामा आता नाहीत. मागे मी गेलो तेव्हा मामी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. नळ चालू होता. स्क्रूड्रायव्हरचे टोक त्याच्या पाइपावर होते, आणि मूठ मामींच्या कानाला.