फाटका कान

ख्रिस्ताची चित्रं आमच्याकडे विलायतेहून येत. गुलाबी गाल, खांद्यापर्यंत रुळणारे केस. माझे पती खांडबाऱ्याच्या बाजारात ती दाखवून उपदेश करायला उभे राहिले की डोंगरातली माणसं विचारत, "हा साहेब कुठला?" मी मिशनच्या शाळेत शिकवत असे, चित्रंही काढत असे, आणि स्वभावाने आधीच तापट. एक दिवस ठरवलं, पुरे झाला हा साहेब.

मांजरपाटावर काजळी, गेरू आणि चुन्याने मी पुरुषभर उंचीचा प्रभू काढला. काळा, लंगोटी नेसलेला, पाठीवर क्रूसाऐवजी सागाचा ओंडका. त्याला मारणाऱ्या शिपायांच्या पायांना खाकी पट्ट्या. पती घाबरले, पण मी ऐकते कुठली!

शाळेमागे एक मजूर राही. घराच्या खांबासाठी जंगलातून चोरून ओंडका आणताना मी त्याला पाहिलं होतं. ती वाकलेली पाठ डोळ्यांपुढून हलेना. रंगवण्याच्या भरात अस्वलाने फाडलेला त्याचा डावा कानही मी जसाच्या तसा उतरवला. त्याला विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

बाजारात चित्र टांगलं आणि ही गर्दी! तो मजूर बायकोला घेऊन अगदी पुढे उभा होता, हसत होता. मी खाली काजळीने वचन लिहीत होते. तेवढ्यात जंगलखात्याचा शिपाई आला. त्याने आधी स्वतःच्या पायांना होत्या तशाच खाकी पट्ट्या पाहिल्या, मग ओंडका.

"ह्या लाकूडवर सरकारी शिक्का कोठे शे?"

जंगलातून निघालेल्या लाकडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का नसला, तर ते चोरीचं. शिपायाची नजर चित्रातल्या कानावर थांबली होती. मजुराने मुंडासं कानावर ओढलं. त्याचा नवा खांब हाकेच्या अंतरावर उभा होता; तो सापडला की हा थेट तुरुंगात.

शिपायाने चित्रावर बोट ठेवलं. "हाऊ कोन शे, बाई? तू याले वळखस का?"

"मी ह्या माणसाला ओळखत नाही," मी म्हणाले.

पतींनी मान खाली घातली. प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, हेच म्हटलं होतं. दर वर्षी मुलींना तो धडा शिकवताना मी पेत्राला भित्रा म्हणत असे.

शिपाई हलेना. मी काजळीत कुंचला बुडवला आणि कानावरून खांद्यापर्यंत लांब केस ओढले.

"हां," तो म्हणाला, "आते दिखस येशू."

आणि निघून गेला.

बाजार उठल्यावर मजूर एकटाच परत आला. चित्रातल्या केसांवर त्याने बोट टेकवलं.

"खांब वाचला, बाई," तो म्हणाला. "पण कान चांगला निघाला होता."