वहिनींनी भिंतीवर लावलेलं संत्र्याचं झाड

फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्यात एका लग्नाच्या मांडवात माईक धरून उभा होतो. कापडाचं दुकान हा माझा धंदा आणि माईक हे माझं व्यसन. नवरदेवाच्या मामांची ओळख करून देत होतो, म्हणजे मामांनी आयुष्यात जे केलं नाही तेही त्यांच्या नावावर टाकत होतो, आणि मामा लाजत लाजत सगळं कबूल करत होते. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सौंसरहून दादा. मी मांडवात असताना दादा कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. "नलू गेली रे," एवढंच तो म्हणाला. मी गप्प झालो... मांडवातल्या लोकांना वाटलं लाइट गेली. कोणीतरी जनरेटरवाल्याला हाकसुद्धा मारली.

हे वहिनींना सांगता आलं असतं तर त्या पोट धरून हसल्या असत्या. मी गप्प बसावं यासाठी त्यांनी जेवढी मेहनत घेतली तेवढी कोणीच घेतली नाही. नलूवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. सौंसरच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं ड्रॉइंग शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल घेऊन घरी येतात, वहिनी नवा लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांची एक जुनीच तक्रार होती. "चित्र काढलं की ते गप्प बसते, भाऊजी. कोणी समोर आलं काय, गेलं काय, त्याले फरकच पडत नाही. मले उत्तर देणारं चित्र पाहिजे." मी म्हटलं, उत्तर देणारी माणसं घरात कमी आहेत का? तर म्हणाल्या, "तुम्ही उत्तर देता कुठं, तुम्ही भाषण देता."

इंटरनेटवरून त्यांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. पडद्यावर छोटे छोटे डबे आणि त्यांना जोडणाऱ्या दोऱ्या. एका डब्यात कॅमेरा जे पाहतो ते येतं, दुसऱ्यात माईक जे ऐकतो ते, तिसऱ्यात चित्र असतं. कोणत्या डब्याची दोरी कोणत्या डब्याला बांधायची, त्यावर सगळा खेळ. शिकवणारे व्हिडिओ इंग्रजीत. वहिनी ते थांबवून थांबवून पाहत आणि शाळेच्या जुन्या वहीत मराठीत उतरवून घेत. त्या वहीतलं एक वाक्य मी पाठ केलं आहे: "दोरी उलटी बांधली तर चित्र रागावते."

त्यांच्या पहिल्या कलाकृतीचा बळी मी. दिवाळीला सौंसरला गेलो तर भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेला एक कावळा. "बोला भाऊजी, काहीही बोला." मला कोणी असं सांगावं आणि मी सोडावं? मी सुरू झालो. आवाज चढला तसा कावळा फुगत गेला, भोपळ्याएवढा झाला, भिंत व्यापली, आणि फांदीवरून हलेचना. दादा हसून हसून खुर्चीतून घसरायचा बाकी. "आता हळू बोला," वहिनी म्हणाल्या. मी आवाज उतरवला. कावळा बारीक होत गेला, आणि मी अगदी कुजबुजलो तेव्हा पंख पसरून उडाला. पन्नाशीच्या माणसाला हळू बोलायला कोणी असं शिकवलं असेल का? त्यानंतर मांडवात माझा आवाज फार चढला की मला तो भोपळ्याएवढा कावळा दिसायचा. अजून दिसतो.

मग बाबांना लकवा झाला. बाबा म्हणजे आमचे वडील, रामाकोन्याकडच्या संत्र्याच्या बगिच्यात ज्यांची उभी हयात गेली ते. उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी स्पष्ट बोलली: हे सुरुवातीचे महिने गेले आणि हात हलला नाही, तर तो आखडत जाईल. रोज उचलायचा, थोडा थोडा, दुखला तरी. बाबा म्हणाले, "मी का ट्राफिकचा पोलिस आहो?" आणि डोळे मिटले. दादाने विनवलं. मी तर पलंगासमोर उभा राहून नकलांचा पूर्ण कार्यक्रम केला. बाबांनी एक डोळा उघडला, "हा अजून इथंच आहे का?" म्हणाले, आणि मिटला. हात गादीवर पडलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मला त्या हाताची भीती वाटायला लागली होती. याच हाताने कलम बांधलेली झाडं अजून फळ देत आहेत.

वहिनींनी आठ-दहा दिवस खोलीचं दार लावून काम केलं आणि बाबांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर संत्र्याचं झाड उभं केलं. वर खुंटीला कॅमेरा. बाबांनी हात जरा उचलला की झाड फुलणार. आम्ही सगळे जमलो. मी अर्थातच निवेदन केलं. बाबांनी कुरकुरत हात दोन बोटं उचलला आणि अख्खं झाड पांढऱ्या फुलांनी भरून गेलं! आम्ही टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात खाली टाकला आणि तोंड फिरवलं.

"खोटं आहे."

"काहून बाबा?" वहिनींनी विचारलं.

"बहार असा येत असते का? पयले पाणी तोडा लागते. झाडाले ताण द्या लागते. पानं मलूल झाली पायजे. मंग पाणी सोडलं का फुलं येते. तुह्यं झाड सिनेमातलं आहे, सूनबाई."

माझं असतं तर मी तिथेच पडदा पाडला असता. वहिनींनी वही उघडली, पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "सांगा." तीन दिवस सासरा सांगत होता आणि सून लिहून घेत होती. नंतर जे झाड आलं त्यात हात खाली असला की पाणी बंद, पानं हळूहळू मलूल होत. हात वर धरला की पाणी सुरू. पण लगेच सोडला तर कळ्या गळून जात. फुलं पाहायची तर धरून ठेवणं भाग. बाबा घामाघूम होऊन हात धरत. मी "शाबास!" ओरडलो तर मलाच दटावत, "गप, पाणी चालू आहे."

तरीही हात कोपराच्या वर जाईना. आणि मग एक गंमत सुरू झाली. मी दर आठवड्याला बसने सौंसरला जायचो आणि दर वेळी बाबा भिंतीकडे बोट दाखवून ओरडत असायचे. "ते पान पाह्य! आंब्याचं पान लावलं इनं!" पुढच्या वेळी, "शेंड्यावर पाह्य, सारी संत्री एकाच फांदीले!" मला वहिनींची दया आली. स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, एवढी मोठी ड्रॉइंग मास्तरीण आणि रोज कशा चुकता? त्या भाकरी थापत होत्या. मागे वळूनही न पाहता म्हणाल्या, "बोट कोणत्या हाताचं होतं, भाऊजी?"

मी आठवून पाहिलं. उजव्या हाताचं होतं...

"रोज एक चूक करते," त्या म्हणाल्या. "आणि रोज जराशी वर सरकवते. सांगू नका त्यांना. तुमच्या पोटात राहत नाही काही."

राहिलं. माझ्या आयुष्यातलं हे एकच गुपित. शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आलेले पाहुणे परतताना घरी येत, बाबा त्यांना झाड दाखवत आणि सुनेच्या चुका मोजून सांगत. शेंड्यापर्यंत बोट नेऊन. वहिनी चहाचा ट्रे धरून मान खाली घालत. असा अभिनय आमच्या पांढुर्ण्याच्या रंगमंचावर मी पाहिलेला नाही, आणि तिथे बहुतेक वेळा मीच असतो.

एका दुपारी जेवण करून त्या टेकल्या आणि उठल्याच नाहीत. तेरावं झालं, पाहुणे गेले. दादाने प्रोजेक्टर सुरू करून दिला, पण बाबा नुसते पाहत पडून राहिले. झाड शेवटच्या दिवशी जसं होतं तसंच, शेवटची चूक दाखवून झालेली. पानं मलूल. हात गादीवर. व्यायामाची मुलगी खांदा हलवून पाहायची आणि आमच्याकडे बघायची. एवढ्या दिवसांत खांदा जड झाला होता.

तेव्हा मी वहिनींची वही घेऊन लॅपटॉपसमोर बसलो. वाटलं, चूकच तर करायची आहे, ती मला जमेल. बेत साधा होता, एक संत्रं निळं करायचं. दोन तास झटलो. कोणता डबा कशाचा ते कळेना, तीन दोऱ्या सुटल्या, एक भलतीकडे बांधली गेली, आणि फळं किती वेगाने खाली पडायची त्या आकड्याआधी माझ्या हातून एक उण्याचं चिन्ह पडलं. मी तेव्हा पाहिलंही नाही. बटन दाबलं.

झाडावरची सगळी संत्री सुटली आणि सरळ वर गेली. भिंत संपली तशी छतावर गेली, पंख्याच्या पात्यांवर नाचायला लागली. मी वहीची पानं उलटतोय, दादा "बंद कर, बंद कर" करतोय...

"अबे गजा! संत्रं वर जाते का कधी?"

बाबांचा हात सरळ छताकडे होता. खांद्यापासून. बोट थरथरत होतं, पण हात वर होता.

"चूक झाली बाबा," मी म्हटलं. "वहिनी करत तशीच..."

"तिच्या चुका शहाण्या राहत," बाबा म्हणाले. हात अजून वरच होता. "मले सारं समजत होतं. ती करे म्हणून मी दाखवो. तुह्या चुका तं खऱ्याच आहे." मग डोळे पुसायला त्यांनी हात खाली आणला. उजवाच.

आता दुकानाला सुटी असते त्या दिवशी मी सकाळच्या बसने सौंसरला जातो आणि वहिनींच्या खुर्चीत बसतो. त्यांच्या अक्षरातलं एकेक पान वाचतो, आणि मन लावून, खरोखर बरोबर करायचा प्रयत्न करतो. परवा झाडाची मुळं हवेत निघाली. मागून पलंगाची कुरकुर ऐकू आली. बाबा बोट रोखायला आधीच सरसावून बसले होते.