लाकडाचा राजा काय म्हणाला

आज नानांना जाऊन एक वर्ष झालं आणि बाहुल्या अजून पाण्यात गेलेल्या नाहीत.

नाना म्हणजे माझे आजोबा. शहाद्यात कठपुतळीचा खेळ करायचे. हा खेळ त्यांच्या वडिलांनी राजस्थानातून आणला, इंग्रज इथे होते तेव्हा. बैलगाडीत बाहुल्यांची पेटी टाकायची आणि खापरचा बाजार, प्रकाशाची जत्रा असं फिरायचं.

आमच्यात जुनी बाहुली फेकत नाहीत. प्रकाशाला नेऊन तापीत सोडतात, हात जोडून.

दोन वर्षांपूर्वी नानांचं मनगट थरथरायला लागलं. दोऱ्या गुंतायच्या. एका सकाळी ते शांतपणे म्हणाले, "आते पेटी प्रकाशाले लई जाऊत."

एक-दोन बाहुल्या नाही. अख्खी पेटी.

मी म्हटलं, एक शो करू द्या. नव्या लोकांसाठी. माझा भाऊ दोऱ्या धरेल, शिट्टी तुम्ही वाजवा, ढोलकी मी घेते. लोक उठून गेले तर मी स्वतः पेटी घेऊन नदीवर येईन.

नाना म्हणाले, "कर."

म्हणाले खरे. मला मात्र झोप येईना.

ज्यांनी आमचा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहुल्या नाचवणारा पडद्यामागे असतो आणि तोंडात बारीकशी शिट्टी धरतो. तिला आम्ही 'बोली' म्हणतो. बाहुलीचा आवाज म्हणजे ती शिट्टी. नुसतं चीं चीं. बाहेर ढोलकीवाली बसते. ती विचारते, "काय म्हणतो राजा?" शिट्टी वाजते आणि ती लोकांना अर्थ सांगते.

हे काम आधी पणजीचं होतं, मग आजीचं. आजी गेल्यावर नाना ढोलकीशिवायच खेळ करायचे. नुसतं नाचवायचे.

आणि मी घरातली पहिली शिकलेली. मला सगळं बरोबर हवं होतं. मी नानांची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली, स्लो करून ऐकली. कुठल्या चींचा अर्थ काय? पणजी नेमकं काय सांगायची? एक शब्द चुकला तर पिढ्यांचा खेळ माझ्या हातून बिघडेल, असं वाटायचं.

प्रॅक्टिसला गल्लीतली पोरं बसवली. मी अगदी शुद्ध, तोलून मापून अर्थ सांगितला.

पोरं उठून गेली. एक पोरगी जाताना म्हणाली, "ताई, तू पेपरचं उत्तर सांगतेस."

त्या संध्याकाळी मी पुन्हा कानात हेडफोन घालून बसले होते. नाना शेजारी आले.

"काय धुंडी ऱ्हायनी?"

"राजाचं पहिलं वाक्य. त्यात काय आहे ते कळत नाहीये."

"काहीच नही शे त्यामा."

मग त्यांनी खापरच्या बाजाराची गोष्ट सांगितली.

नाना तेव्हा लहान होते, आईच्या ढोलकीला टेकून बसलेले. बाजार भरलेला, माणसं उन्हात उभी. पुढे सावलीत खाट टाकून फौजदार एकटाच पसरलेला. त्याच्यापुढे कोणी ब्र काढत नव्हतं. पडद्यामागून नानांच्या वडिलांची शिट्टी वाजली. पणजीने ढोलकीवर थाप मारली आणि सांगून टाकलं, "राजा म्हणस, खाट मन्ही शे. तिनावर हाऊ कोन बठना?"

म्हणजे खाट राजाची, आणि तिच्यावर बसला कोण, तर फौजदार.

फौजदार उठला. "कोण बोललं हे?"

पणजी म्हणाली, "साहेब, हाऊ लाकडाना राजा बोलना. मी तं फक्त सांगस."

त्याने राजाकडे पाहिलं. वीतभर लाकूड, त्याला मिशा. तेवढ्यात मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळा बाजार. शेवटी तोही हसला आणि खाटेच्या कडेला सरकला. दोन म्हातारी माणसं सावलीत येऊन बसली.

"लाकडाले बेडी कशी घालशी?" नाना हसत म्हणाले. मग हळूच, "आनि खरं सांगू? बा आतून राजाकरता पानी मांगी ऱ्हायंता."



"म्हणजे राजा पाणी मागत होता आणि पणजी भलतंच, खोटं सांगायची?"

"समोर जे दिसे ते सांगे. तुले काय दिसस, ते सांग ना."

छातीवरचा दगड कोणी उचलून ठेवावा, तसं झालं. मी रेकॉर्डिंग डिलीट केलं.

शो एका कॉलनीच्या गणपतीत होता. पुढे पाहुण्यांसाठी दोन सोफे, रिकामे. पाहुणे आलेच नव्हते. पोरं मागे ओल्या जमिनीवर उकिडवी बसलेली. भावाने राजा बाहेर काढला. नानांनी शिट्टी वाजवली.

मी ढोलकीवर थाप मारली. म्हटलं, "राजा म्हणस, त्या सोफावर कोन बठेल शे? माले तं कोन्हीच दिसत नही."

 पोरं सुटली. दोन सोफ्यांवर इतकी पोरं मी कधी पाहिली नव्हती.

उशिरा आलेले पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसले आणि शेवटपर्यंत बसले. निघताना त्यांनी विचारलं, "ते सोफ्याचं कोणी लिहिलं होतं?"

मी म्हटलं, "राजा बोलला. मी फक्त सांगितलं."

पडद्यामागून नानांचा खोकला ऐकू आला. खोकला नव्हता, हसत होते.

घरी आल्यावर म्हणाले, "पेटी वर ठेव. खाले उंदरं शेत."

प्रकाशाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मागच्या वर्षी आम्ही त्यांच्या अस्थी प्रकाशाला घेऊन गेलो. काका म्हणाले, शिट्टीही सोडून दे, त्यांचीच होती. मी मूठ उघडली नाही.

काल भावाने तीच शिट्टी तोंडात धरून शो केला. अजून नीट जमत नाही, मध्येच गिळेल की काय अशी मला धास्ती. पण वाजली. मी विचारलं, "काय म्हणतो राजा?"

चीं चीं.

राजा म्हणस, नाना, तुम्ही निवांत ऱ्हा. पेटी वर ठेवेल शे.