इथे न राहणाऱ्याचं मत

"वहिनी, तुम्ही चहाचं बघा. हे विषय तुमचे नाहीत."

भरल्या सभेत म्हणाले. मराठीत, हसत. समोर आमच्या, टोकियोजवळच्या उरायासुच्या, कॉलनीतले जपानी शेजारी बसलेले. त्यांना शब्द कळले नसतील, पण हाताने दाराकडे केलेली खूण सगळ्यांना कळली. मी बोलायला उठले होते. तशीच उभी राहिले.

म्हणणारे आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. टोकियोतल्या उंच टॉवरमध्ये राहणारे, माझ्या नवऱ्याच्या साहेबाचेही साहेब. आमच्याकडे यायचे ते गणपतीत, आरतीपुरते. मागे मोठ्या भूकंपात इथली जमीन फुटून चिखल वर आला, नळ बंद पडले, तेव्हा हे पहिल्या विमानाने मुंबईला पळाले. आम्ही राहिलो. रहिवासी संघाच्या प्रमुख, म्हाताऱ्या सातो-सान, आणि मी जिन्याने पाण्याच्या बादल्या चढवल्या.

सभा चोऱ्यांवरून होती. तळमजल्यावरची घरं फुटली होती. मग एका संध्याकाळी जिन्यात कोणीतरी माझ्या मुलीचा हात धरला. हिसडा मारून ती घरी पळत आली. रडलीसुद्धा जपानीत. "कोवाई, कोवाई." भीती वाटते, भीती वाटते. मी तिला जवळ घेतलं आणि दाराला आतून कडी लावली.

संघाने कडक नियम मांडले. जिन्यात कॅमेरे. पोलिसांची रोज फेरी. प्रत्येक घराने पाळीपाळीने संध्याकाळी पहारा द्यायचा. आणि परदेशी भाडेकरूंनी घरी आलेल्या पाहुण्यांची नोंद करायची. फक्त परदेशी. पहारा लगेच सुरू झाला, बाकीचं सभेत मताला जाणार होतं. पहाऱ्यात, इथल्या रीतीप्रमाणे लाकडी ठोकळे वाजवत चालताना मी सातो-सानशी मोडक्यातोडक्या जपानीत भांडले. नोंद करायची तर सगळ्यांनी. त्यांनी ठोकळे वाजवत एक फेरी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "बरोबर आहे." मांडलेला नियम बदलला. तेव्हापासून तो माझाही झाला.

आमच्या वतीने बोलायला म्हणून सभेला आलेल्या अध्यक्षांना याचा पत्ता नव्हता. विचारायचीही गरज वाटली नाही. त्यांनी फाडफाड जपानीत सांगून टाकलं, सगळ्या भारतीय कुटुंबांचा याला विरोध आहे. हे ऐकून मी उठले, तर मला चहाला पाठवत होते. मी हलले नाही, तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमच्या वस्तीत पोलीस रोजचेच असतील. आमच्या घरांना सवय नाही."

माझी वस्ती. म्हणजे माझी जात. इतक्या दूर येऊनही यांनी ती शोधून काढलीच होती.

पुण्यात पलीकडच्या सोसायटीत काही चोरीला गेलं की पोलीस आधी माझ्या बापाला उचलायचे. तो तिथे झाडू मारायचा, एवढा पुरावा त्यांना पुरायचा. परत यायचा तेव्हा त्याला खाली बसता यायचं नाही. पोलीस म्हणजे काय हे यांनी मला शिकवावं? मला कोणाच्या पाठीवर दंडा नको होता. सगळ्यांना सारखा लागणारा नियम हवा होता, आणि माझ्या पोरीला न घाबरता चढता येईल असा जिना.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझी ओढणी ओढली. "बस ना. माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या हातात आहे."

आजवर बसतच आले होते. शाळेत मागच्या बाकावर, ऑफिसच्या पार्टीत कोपऱ्यात. आता नाही. मी सातो-सानकडे बघून जपानीत म्हणाले, "हा माणूस इथे राहत नाही. मी राहते. माझं मत नियमाच्या बाजूने."

आणि हात वर केला. एका घराला एकच मत. आमच्या घराचं मी देऊन टाकलं. मागे आणखी दोन मराठी बायकांचे हात वर गेले, नवऱ्यांकडे न बघता. नियम मंजूर झाला. अध्यक्ष बूट घालून निघून गेले.

नवरा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. कॉन्ट्रॅक्टचं अजून ठरलेलं नाही. जाईल तर जाऊ दे. मी माफी मागणार नाही. उद्या पोलिसांनी सगळी दारं सोडून फक्त आमच्याच दारावर थाप मारली, तर त्यांच्याशीही मीच भांडेन, याच हॉलमध्ये उभी राहून. माझ्या वतीने बोलायला दुसऱ्या कोणी यायचं नाही.