चोवीस नळ्यांचा नियम

सुई दुखली नाही की लोक खूश होऊन घरी जातात. काढलेलं रक्त पुढे कुठे जातं, किती वेळ तसंच पडून राहतं, याची चौकशी कोणी करत नाही. करायला हवी.

जिची ही गोष्ट, ती बाई इस्पितळाच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं रक्त तपासत होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे डॉक्टरसुद्धा. थोरला भाऊ तेवढा ‘ठमे’ म्हणे. लहानपणी ती ठेंगणी आणि ठसकेबाज होती, आणि त्याच्या मते त्यात पुढे काही फरक पडला नव्हता.

हा दादा पाट्या रंगवायचा. सदुसष्टाव्या वर्षीही शिडीवर चढायचा, सायकलवर हिंडायचा. आठ महिन्यांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसले, तेव्हा कुठे शिडी सुटली. आता लघवीला रात्रीतून चारदा उठावं लागतं म्हणून वहिनीने धरूनबांधून रक्त तपासायला लावलं. पीएसए आलं सहा पूर्णांक एक.

पीएसए म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणारं एक प्रथिन. कॅन्सर असला तर वाढतं. पण ग्रंथी नुसती सुजली, जंतुसंसर्ग झाला, तरीही वाढतं. त्यामुळे आकडा असा अधला-मधला आला की त्यातलं मोकळं, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना न चिकटलेलं, पीएसए किती टक्के, ते बघतात. मोकळं जितकं कमी, तितका संशय जास्त. दादाचं आलं चौदा टक्के. मूत्ररोगाच्या डॉक्टरांची रेघ पंधरावर होती. पंधराच्या खाली गेलं की सुई घालून ग्रंथीचे बारा बारीक तुकडे काढायचे आणि तपासायला पाठवायचे.

तुकडे काढायचे तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद करायला हव्यात. आणि हृदयाचे डॉक्टर म्हणत होते की वर्ष पुरं होण्याआधी गोळ्या थांबवल्या तर स्टेंट तुंबू शकतो. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी दोन्ही डॉक्टरांचं ठरलं, सोमवारपासून गोळ्या बंद. हे वहिनीने ताईला बुधवारी फोनवर सांगितलं. ती रडत नव्हती, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोलत होती.

ताईने फोन ठेवला आणि रजिस्टर काढलं. दादाचं रक्त इथेच, शनिवारी काढलेलं. नळी आली आठ चाळीसला. मशीनमध्ये फिरवली दोन वाजून दहा मिनिटांनी.

साडेपाच तास.

रक्तातल्या पेशी खाली बसवून वरचं पिवळं पाणी वेगळं करतात ते हे फिरवायचं मशीन. त्याला चोवीस भोकं. वजन दोन्ही बाजूंना सारखं नसेल तर मशीन धडधडतं. बारा वर्षांपूर्वी शिकाऊ मुलींनी अर्धवट भरून फिरवलं आणि मोटर जाळली. तेव्हा ताईने स्वतःच्या हाताने कागद चिकटवला होता: चोवीस नळ्या झाल्याशिवाय मशीन लावू नये. घाईच्या नळ्यांना धाकटं मशीन होतंच. पीएसएची कुणालाच घाई नसे. गर्दीच्या दिवशी चोवीस नळ्या अर्ध्या तासात भरत. शनिवारी दुपार होई. मोटर पुन्हा जळली नाही, ताईचं कौतुक झालं, आणि कागद वेदवाक्य होऊन बसला.

तपासणीच्या खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक असतं. कंपनी बदलली तेव्हा ताईने ते उघडलंच नव्हतं. तीस वर्षं हेच करतोय, नवीन काय असणार! आता उघडलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की रक्त तीन तासांच्या आत वेगळं करावं, नाहीतर मोकळं पीएसए घटत जातं. एकूण आकडा जागेवर राहतो, मोकळं तेवढं उतरतं. म्हणजे निरोगी माणूसही पंधराच्या रेघेखाली घसरू शकतो.

तिने आधी चोवीस नळ्यांचा तो कागद फाडला, मग ती लॅबच्या मुख्य डॉक्टरांकडे गेली. ते शांत माणूस, इतके शांत की कधीकधी चिमटा काढावासा वाटे. ते म्हणाले, फरक पडून पडून किती पडेल, दोन-तीन टक्के.

“त्या दोन-तीन टक्क्यांतच माझा भाऊ बसलाय,” ताई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. हा चोवीस नळ्यांचा नियम कोणाचा, असं विचारलं.

“माझाच. आणि तो किती जणांना भोवलाय ते मला बघायचंय.”

गुरुवारी सकाळी तिने वॉचमन, लिफ्टवाला, अँब्युलन्सचे दोन ड्रायव्हर, असे पन्नाशीपुढचे नऊ जण गोळा केले, काय करायचंय ते सांगितलं आणि त्यांना रांगेत बसवलं. लिफ्टवाला म्हणाला, रक्त काय हो, ताई मागतील तर किडनी देऊ, फक्त सुई नको. दहावे स्वतः डॉक्टर, बाही वर करून. प्रत्येकाच्या दोन नळ्या. एक अर्ध्या तासात फिरवली, दुसरी साडेपाच तास स्टँडवर ठेवून. अर्धवट मशीनची अडचण? समोरच्या भोकात तेवढ्याच वजनाची पाणी भरलेली नळी ठेवली, झालं काम. बारा वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं असं नाही. कागदापुढे कोणी बोललं नव्हतं, इतकंच.

दहापैकी नऊ जणांचं मोकळं पीएसए दुसऱ्या नळीत कमी आलं. कुणाचं एका टक्क्याने, कुणाचं चार.

डॉक्टर मग कागद-पेन घेऊन बसले. वर्षभरात उशिरा फिरवलेल्या आणि पंधराच्या खाली आलेल्या नळ्या निघाल्या सव्वीस. फोन ताईनेच केले. चूक आमची, रक्त पुन्हा द्या, असं सरळ सांगितलं. एक निवृत्त हेडमास्तर दहा मिनिटं तिची खरडपट्टी काढत होते. त्यांना सुई घालून झाली होती, काही निघालं नव्हतं, आठवडाभर ताप मात्र आला होता. त्यांचं संपल्यावर तिने पुन्हा माफी मागितली आणि पुढचा नंबर लावला.

दादाला तिने बुधवारीच बजावलं होतं की सायकल बंद.

“सायकलने कॅन्सर होतो?”

“होत नाही. सीटने ग्रंथी दाबली जाते, आकडा फुगतो. दोन दिवस पायी चाल, मरत नाहीस.”

“त्याचीच तर तपासणी चाललीय,” दादा म्हणाला. वहिनी त्याच्यावर कडाडली, ते फोनवर ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी त्याचं रक्त ताईने काढलं, पण तपासलं नाही. आपल्या माणसाचा आकडा वाचताना आपले डोळे बेइमान होतात. नळीवर नुसता क्रमांक घालून तिने ती सहकारी बाईच्या हातात दिली. पंचवीस मिनिटांनी नळी मशीनमध्ये गेली. दुपारी कागद आला. एकूण पाच पूर्णांक आठ, मोकळं एकोणीस टक्के.

मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, शनिवारच्या नळीची हकिगत ऐकली, आणि सुई तूर्त रद्द केली. गोळ्या चालू ठेवा. चार महिन्यांनी स्टेंटला वर्ष होतंय, तेव्हा पुन्हा रक्त बघू. आकडा चढला तर मग तुकडे काढू, तेव्हा धोकाही कमी असेल.

बाहेर आल्यावर दादा बाकावर टेकला. मग म्हणाला, “ठमे, म्हणजे कॅन्सर नाही ना?”

“नाहीच असं कुठलीही नळी छातीठोकपणे सांगत नाही. आत्ता सुई नको, एवढं सांगते.”

“आणि सोमवारी गोळी?”

“घ्यायची. रोजच्या वेळेला.”

वहिनीने पर्स उघडली, गोळ्यांचं पाकीट आहे ना ते पाहिलं, पर्स मिटली, आणि पुन्हा उघडून पाहिलं.