एकच शब्द, दोन कागद

दुबईतल्या मॉलमध्ये कुंचल्याने अक्षरं लिहून देणाऱ्या त्या चिनी म्हाताऱ्यावर माझा पहिल्यापासून संशय. लिहिण्याआधी तो बाही सावरून डोळे मिटायचा, तेच मला खटकायचं. ‘घर’ म्हणून भलतंच काही हॉलमध्ये लटकायला नको, म्हणून मी तोच शब्द दोनदा लिहून घेतला. पहिल्यात रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या, तरी मोजता येत होत्या. दुसऱ्यात कुंचला उचललाच नाही. नुसता दोऱ्याचा गुंता!

“सापडला चोर,” मी लेकीला म्हणालो.

“बाबा, स्टॉप इट!”

ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्याने पहिला कागद लगेच वाचला, ‘घर’. दुसरा त्यालाही वाचता येईना. मी तावातावाने परत गेलो.

म्हातारा रागावला नाही. कुंचला धूत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, “पहिलं अक्षर चालतं, ते सगळे वाचतात. दुसरं धावतं, ते शिकावं लागतं. तुमच्यात नाही असं?”

मी ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात पणजोबांची मोडीतली पत्रं आठवली. हात न उचलता लिहिलेली. आमच्या घरात ती एकालाही वाचता येत नाहीत. पण म्हणून पणजोबांना लबाड ठरवायला मी कधी गेलो नव्हतो.